ईआरके विझला, मग मेक का उजळला?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हेला या मानवी कर्करोगाच्या पेशींना मेकरोधक पीडी०३२५९०१ हे १०० नॅनोमोलर दिले (मेक आणि ईआरके ही पेशीत वाढीचा संदेश पुढे नेणारी प्रथिने). तासाभराने वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) फॉस्फो-ईआरकेचे, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या ईआरकेचे, पट्टे गेले, पण फॉस्फो-मेकचा पट्टा उलट गडद झाला. अँटिबॉडी खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. ही अँटिबॉडी मेक१च्या २१८ आणि २२२ क्रमांकांच्या सेरिन या अमिनो आम्लांवर राफ या मेकच्या आधीच्या प्रथिनाने लावलेले फॉस्फेट ओळखते (डबीवर २१७/२२१ दिसले तर गोंधळू नका, तिथे साखळीतले पहिले अमिनो आम्ल मिथिओनिन मोजलेले नसते). मेक पुढे काम करतो की नाही, हे तिला कळत नाही. तुमचे रोधक एटीपीच्या (फॉस्फेट पुरवणारा रेणू) जागी बसतच नाही, शेजारच्या खोबणीत बसते. त्यामुळे मेकवर फॉस्फेट असूनही तो निकामी राहतो.

खरी गंमत संदेशाच्या साखळीत मेकच्या वर आहे. राफ मेकला जागा करतो, मेक ईआरकेला, एवढे सगळे पाठ करतात. पण जागा झालेला ईआरके मागे वळून बी-राफ, सी-राफ (राफचे दोन प्रकार) आणि त्यांच्याही वरच्या एसओएस या प्रथिनावर फॉस्फेट लावतो आणि त्यांना आवरतो. मेक१च्या २९२व्या थ्रिओनिनलाही (आणखी एक अमिनो आम्ल) तो सोडत नाही. ईआरके बंद पडला की हा लगाम सुटतो, राफ मोकाट होतो आणि मेकवर फॉस्फेट साचते.

पडताळायचे असेल तर १५ मिनिटे, १ तास, ४ तास आणि २४ तास असे नमुने घ्या. सोबत ए३७५ या मेलानोमा पेशी ठेवा. त्यांतला व्ही६००ई हा बदल झालेला बी-राफ, राफला एरवी जागे करणाऱ्या रास या प्रथिनाची वाट न पाहता, एकटाच चालतो आणि या लगामाला फारसा जुमानत नाही. त्यामुळे तिथे फॉस्फो-मेक मुळातच भरपूर असतो आणि हेलासारखी उडी दिसत नाही.

मेकचा पट्टा ४५ किलोडाल्टनला, ईआरकेचे ४४ आणि ४२ला. एकच पडदा धुऊन पुन्हा वापरला तर आधीचा उरलेला पट्टा फसवतो, म्हणून दोन वेगळे जेल चालवा. पेशी बर्फावर फोडा. द्रावणात फॉस्फेट निघून जाऊ नये म्हणून १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट हवे, तेही पीएच १०ला रंग जाईपर्यंत उकळून तयार केलेले. ईडीटीए किंवा डीटीटी सोबत असेल तर ते निष्प्रभ होते.

प्रश्न : बी-राफरोधक घेणाऱ्या काही रुग्णांना त्वचेवर नव्या गाठी येतात, त्या यामुळेच का?

उत्तर : नाही, तिथली यंत्रणा वेगळी आहे. वेमुराफेनिब हे बी-राफरोधक (अमेरिकेत मान्यता २०११) व्ही६००ई रोखते. पण ज्या पेशींत बी-राफ सामान्य आणि रास सक्रिय असतो, तिथे राफ जोडीने काम करतात. औषध जोडीतल्या एकाला बसले की दुसरा अधिकच चेततो आणि ईआरके वाढतो. म्हणूनच सोबत मेकरोधक दिल्यावर त्वचेच्या या स्क्वेमस (वरच्या थरातल्या चपट्या पेशींच्या) गाठी कमी होतात.