भाड्याच्या क्लाउड जीपीयूवर कम्फीयूआय (एआयने चित्रं बनवण्याचं सॉफ्टवेअर) लावताना डिस्क आणि व्हीरॅम (जीपीयूची स्वतःची मेमरी) किती घ्यावी?

आधी मॉडेल ठरवा, मग कार्ड. एसडीएक्सएल या चित्र बनवणाऱ्या मॉडेलला १२ जीबी व्हीरॅम आरामात पुरते. फ्लक्स डेव्ह हे मोठं मॉडेल, त्याचे पॅरामीटर (मॉडेलने शिकलेले आकडे) १२ अब्ज; १६ बिटमध्ये नुसती वेट्सच, म्हणजे हेच आकडे, २४ जीबी होतात, शिवाय टेक्स्ट एन्कोडर (लिहिलेली सूचना मॉडेलला समजेल अशी करणारा भाग) वेगळा. त्यामुळे २४ जीबीच्या कार्डावर ८ बिटची आवृत्ती वापरा, ती साधारण १२ जीबीत बसते.

डिस्कवर कंजूषी नको. एसडीएक्सएलची एक फाइलच ७ जीबीच्या आसपास असते, त्यात पायटॉर्च (मॉडेल चालवणारी लायब्ररी) आणि लोरा (मॉडेलला जोडायच्या छोट्या फाइल) धरले की १०० जीबी जास्त वाटत नाही. मॉडेल नेहमी कायमस्वरूपी व्हॉल्यूमवर (सर्व्हर गेला तरी टिकणाऱ्या वेगळ्या डिस्कवर) ठेवा. कंटेनरच्या (सर्व्हरच्या स्वतःच्या, तात्पुरत्या) डिस्कवर ठेवलेली मॉडेल सर्व्हर डिलीट केला की जातात, पुन्हा डाउनलोड करताना जीपीयूचं भाडं चालूच राहतं.

पायटॉर्च आणि कुडा (जीपीयूवर गणित चालवणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) आधीच बसवलेलं टेम्प्लेट निवडा. लॉगिन करताच एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड चालवून कार्ड दिसतंय का ते बघा. कार्ड दिसूनही पायटॉर्च ‘कुडा उपलब्ध नाही’ म्हणत असेल, तर बहुतेक वेळा पायटॉर्चची सीपीयू आवृत्ती बसलेली असते, किंवा ड्रायव्हर त्या कुडासाठी जुना असतो. कस्टम नोडच्या (कम्फीयूआयमध्ये वरून टाकलेल्या जोडण्यांच्या) रिक्वायरमेंट्स, म्हणजे त्यांना लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, बसवताना चालू पायटॉर्च बदलून टाकतात, हेही नेहमीचं कारण.

कम्फीयूआयचा ८१८८ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका! कम्फीयूआयला स्वतःचं लॉगिन नसतं. एसएसएच टनेलनेच (आपल्या संगणकापासून सर्व्हरपर्यंतच्या सुरक्षित जोडणीनेच) जोडा. प्रोसेस टीमक्समध्ये (सर्व्हरवर टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी काम थांबणार नाही.

आणि सर्व्हर फक्त थांबवला तरी डिस्कचं भाडं सहसा चालू राहतं.