‘कुठे निघालात?’ या प्रश्नाची धास्ती

‘मॅडम, मी काही माणूसघाणा नाही, पण शेजारी समोर दिसले की माघारी फिरावेसे वाटते,’ हे वाक्य थोड्याफार फरकाने समुपदेशक म्हणून मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. असे सांगणारी माणसे एरवी व्यवहारात चोख असतात. ऑफिसच्या बैठकीत ती बोलतात, नातेवाइकांच्या लग्नात पुढे होऊन पंगती वाढतात, मात्र जिन्यात, लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये अडतात. ऑफिसात बोलायला काम असते; शेजाऱ्याशी बोलायला कामही नसते आणि विषयही नसतो, तरी दोन शब्द बोलावे लागतात.

सुहास (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) डोंबिवलीतल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर पत्नी आणि आईसह राहत होते. घराबाहेर पडायचे म्हटले की चपला घालून, किल्ली मुठीत धरून ते दाराच्या भिंगाला डोळा लावून उभे राहत. समोरच्यांच्या जाळीच्या दाराची कडी वाजली की आणखी पाच मिनिटे थांबत. कचऱ्याची बादली रात्री साडेअकरानंतर खाली जाई. गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळी आली की आई दार उघडून ‘तो आंघोळीला गेलाय’ असे सांगत. लिफ्टमध्ये कुणी भेटलेच, तर बंद फोन कानाला लावून ‘हो, हो, बोला’ असे ते म्हणत राहत. जिन्यातल्या पावलांवरून माणूस ओळखण्याइतके त्यांचे कान तयार झाले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघेदुखीमुळे प्रत्येक वळणावर टेकतात, हे त्यांना आजींकडे कधी न बघताही ठाऊक होते.

हे सुरू कधी झाले, असे विचारल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांची नोकरी गेली होती. त्याच आठवड्यात समोरच्या काकांनी लिफ्टमध्ये विचारले, ‘काय, आज ऑफिस नाही का?’ सुहासनी ‘सुट्टी आहे’ असे सांगून टाकले आणि मग ती सुट्टी सांभाळण्यात पाच महिने गेले. नंतर दुसरी नोकरी मिळाली, तीही घरून काम करण्याची, पण दारामागे थांबण्याची सवय गेली नाही.

‘आता तर लपवण्यासारखे काही नाही. मग त्यांनी विचारले तर काय होईल?’ मी विचारले.

‘मी अडखळेन. त्यांना वाटेल, हा काहीतरी विचित्र आहे.’

‘वाटले, तर?’

‘वाटताच कामा नये, मॅडम.’

त्या वाक्यातला ‘च’ मी कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवला. मी ज्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडली, आणि तिचे सगळे मर्म माझ्या मते या एका अक्षरात आहे. शेजाऱ्यांनी आपल्याला बरे म्हणावे, ही इच्छा रास्त आहे. त्यांनी बरेच म्हटले पाहिजे, हा हट्ट झाला, आणि भीती त्या हट्टातून येते. स्वतः एलिस एकोणिसाव्या वर्षी विलक्षण बुजरे होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचेच, असे त्यांनी महिनाभरासाठी ठरवले. सुमारे १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले आणि पुन्हा भेटायला तयार झालेली एकमेव तरुणी आलीच नाही. तरीही त्यांची भीती गेली, कारण नकार पचतो हे त्यांनी अनुभवले होते. सुहासनी हा किस्सा मन लावून ऐकला आणि म्हणाले, ‘पण त्या स्त्रिया त्यांना रोज लिफ्टमध्ये भेटणार नव्हत्या.’ हरकत अगदी योग्य होती. ती नसती, तर पुढची गोष्ट मला सुचली नसती.

मी त्यांना म्हटले, ‘या आठवड्यात उत्तरे द्यायची तयारी करू नका. प्रश्न तुम्ही विचारा. कुणीही भेटले की “काय, कुठे निघालात?” एवढेच म्हणा, आणि कोण काय म्हणाले ते मला येऊन सांगा.’

पुढच्या आठवड्यात ते आले. समोरच्या काकांना विचारले होते, वॉचमनला विचारले होते, पिशवी घेऊन उतरणाऱ्या एका ताईंनाही विचारले होते.

‘काका काय म्हणाले?’

सुहास आठवू लागले. ‘बँकेत... नाही, बहुधा डॉक्टरकडे...’ ते थांबले. ‘मला आठवत नाही, मॅडम.’ मग खुर्चीत सावरून बसत हळूच म्हणाले, ‘म्हणजे माझे उत्तरही कुणाच्या लक्षात राहत नसेल.’

मी काहीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचे असते, आणि हे शिकायला मला बरीच वर्षे लागली. तीन वर्षे ज्या प्रश्नाला ते तोंडी परीक्षेसारखे घाबरले होते, तो मुळात प्रश्न नव्हताच. ‘जेवण झाले का?’, ‘आज लवकर?’, ‘कुठे निघालात?’ हे आपल्याकडचे नमस्कार आहेत. त्यांना ‘हे काय, येतोच जरा’ एवढे उत्तर पुरते. मनातला ‘च’ मी दाखवला होता, पण प्रश्नाचे हे खरे रूप त्या दिवशी मलाही नव्याने कळले.

अशीच अडचण असणाऱ्यांना माझे सांगणे आहे की सर्वांत आधी कानाला लावलेला खोटा फोन सोडा. आडोसा घेऊन प्रसंग निभावला की मन श्रेय आडोशाला देते आणि भीती तशीच राहते. छातीत धडधड होत असली, तरी लिफ्टमधून मधल्या मजल्यावर उतरू नका. थांबलात तर ती आपोआप ओसरते. सुरुवात वॉचमनपासून करा, सोसायटीच्या सभेपासून नको. घरच्यांनीही ‘आंघोळीला गेलाय’ म्हणणे थांबवावे. ती माया खरी असते, पण तिने भीतीला खतपाणी मिळते. काही शेजारी खरोखरच खोदून विचारतात, नावेही ठेवतात. तेव्हा वाईट वाटेल, आणि ते वाईट वाटणे सोसता येते. मात्र हे टाळणे सहा महिन्यांहून अधिक चालले असेल, कामधंदा किंवा झोप बिघडली असेल, धीर यावा म्हणून दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या विनामूल्य सेवेत १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

शेवटच्या भेटीत सुहासनी सांगितले की नोकरी गेल्याची गोष्ट त्यांनी काकांना आपणहून सांगितली. काका ‘अरे, हो का?’ म्हणाले आणि मग पाण्याचा टँकर आज कसा उशिरा आला, हे त्यांनी गेटपाशी उभे राहून दहा मिनिटे सांगितले.