मी सोलापुरात, मिस्टर मोहोळला नोकरीला, तीन वर्षांची मुलगी पाळणाघरात. पूर, आग अशा वेळेसाठी काय तयारी ठेवावी?

टॉर्च, बिस्किटं, पिशवी हे सगळं नंतर. आधी हे ठरवा, की तुम्ही दोघंही पोचू शकला नाहीत तर मुलीला आणणार कोण?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी लांबोटीजवळ हायवेवर आलं आणि पुणे रस्त्याची वाहतूक बंद ठेवावी लागली. अशा दिवशी तुमचे मिस्टर पलीकडेच अडकणार. म्हणून तिसरा माणूस नदीच्या अलीकडचा हवा, जमल्यास पाळणाघरापर्यंत चालत जाता येईल असा. आमच्याकडे हे काम समोरच्या काकूंचं. त्यांचं नाव, नंबर, फोटो पाळणाघराच्या वहीत आहे, आणि अधूनमधून मुद्दाम त्यांनाच आणायला पाठवतो. नाहीतर ऐनवेळी पोरगं जायचं नाही आणि तिथल्या ताई सोडायच्या नाहीत. सोडूही नये म्हणा!

फोन लागेनासे झाले तरी मेसेज बऱ्याचदा जातो. गावाबाहेरचा एक नातेवाईक ठरवा, दोघांनी त्यालाच कळवायचं.

आता आग. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखाना पेटला, ८ जण गेले, त्यात एक लहान मूलही होतं. पाळणाघर बघताना भिंतीवरचे ससे-हत्ती राहू द्या, दुसरं दार कुठे आहे ते बघा. पोरं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून जाळीच्या दाराला कुलूप घालतात, ते ठीकच. पण किल्ली कुठे असते? सिलिंडर बाहेर पडायच्या वाटेतच तर नाही ना? न चालणारी बाळं किती आणि सांभाळणाऱ्या किती? एका बाईला दोनच्या वर बाळं उचलून पळता येत नाही. बाहेर पडल्यावर सगळे कुठे जमणार, हेही विचारा. उत्तर द्यायला त्या अडखळल्या तर काय ते समजा.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला. तशा वेळी मुलं घरीच असतात, तेव्हा घरातलं लोखंडी कपाट भिंतीला पक्कं करून घ्या.

आणि पूर-भूकंप क्वचित. एप्रिल-मे मात्र दरवर्षी येतो. पत्र्याखालची खोली, त्यात दुपारी लाईट गेली तर मुलांना कुठे हलवतात, पाणी किती साठवतात हे मार्चमध्येच विचारून ठेवा.

११२, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर, तुमचे तिघांचे नंबर, मुलीचा रक्तगट आणि चालू औषधं एका कागदावर लिहा. एक प्रत पाळणाघरात, एक तिच्या दप्तरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.