आठ वर्षं जुन्या ट्रॅश कॉम्पॅक्टरवर ३२० डॉलर घालावेत का?

मॅसॅच्युसेट्समधून तुम्ही विचारलंय: स्वयंपाकघरातला कचरा दाबणारा कॉम्पॅक्टर बंद पडलाय. दुरुस्तीला ३२० डॉलर, नवा बसवून १,५०० डॉलर. गावात कचऱ्याच्या पिशवीमागे २ डॉलर द्यावे लागतात. कॉम्पॅक्टर असला की आठवड्याला तीनऐवजी एकच पिशवी लागते.

म्हणजे वर्षाला २०८ डॉलर वाचतात. पण यंत्राच्या आतली जाड पिशवी तुम्हाला ३ डॉलरला पडते, तिचे वर्षाचे १५६ गेले. हातात उरले ५२. या हिशेबाने दुरुस्तीचे पैसे वसूल व्हायलाच सहा वर्षं लागतील. अमेरिकेतल्या घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये कॉम्पॅक्टरचं सरासरी आयुष्यच ६ वर्षं धरलं होतं (डिशवॉशरचं ९, गॅस शेगडीचं १५). तुमचा आठ वर्षं चाललाय, म्हणजे चांगलाच टिकला. नव्याचा तर विचारही नको.

तरी मेकॅनिकला पैसे देण्याआधी एवढं बघा. विजेचा ब्रेकर ट्रिप झालाय का? यंत्रावरचं चावीने फिरवायचं बटण चालू आहे का? कचऱ्याची पिशवी असते तो ड्रॉवर पूर्ण आत बसला नाही तर सेफ्टी स्विच यंत्र सुरूच होऊ देत नाही. बऱ्याचदा ड्रॉवरमागे पडलेला कचरा अडलेला असतो. प्लग काढून तो साफ करा. मोटर नुसती गुणगुणत असेल तर स्टार्ट रिलेचा (मोटर सुरू करून देणाऱ्या स्विचचा) संशय घ्या. मोटर फिरते पण दाबपट्टी खाली येत नसेल, तर बेल्ट किंवा साखळी तुटली असेल, नाहीतर दाबपट्टी खाली-वर करणाऱ्या उभ्या स्क्रूंवरचे नट झिजले असतील. नट झिजण्याचं कारण बहुतेक वेळा कोरडे स्क्रू, किंवा काचेची बाटली एका कडेला ठेवून दाबणं. दाबपट्टी तिरकी होते आणि सगळा भार एकाच स्क्रूवर येतो. स्विच किंवा रिले असेल तर जरूर बदला. नट किंवा मोटर असेल तर खर्च करू नका.

आणखी एक. काच, धातूचे डबे, कागद, पुठ्ठा कचऱ्यात टाकायला तुमच्या राज्यात बंदीच आहे. ते रिसायकलिंगमध्ये आणि ओला कचरा कंपोस्टमध्ये गेला, तर दाबण्याजोगं फार उरतच नाही आणि ते ५२ डॉलरही आटतात.

स्विच-रिलेपेक्षा मोठा बिघाड असेल तर मी कॉम्पॅक्टर काढून टाकीन. त्या १५ इंचांच्या जागेत बाहेर ओढायच्या दोन डब्यांचं कपाट बसतं. मात्र जागा आधी मोजा, काही मॉडेल १२ किंवा १८ इंचांचीही असतात.