पहिला रिपोर्ट नॉर्मल होता, मग सकाळी अपेंडिक्स कसं निघालं?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या १४ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं, दोन-तीन तासांत दवाखान्यात नेलं. पांढऱ्या पेशी ९,८०० आणि सीआरपी ४, म्हणजे सगळं नॉर्मल. तरी तिथल्या डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं, पेशी १५,२०० आणि सीआरपी ५८. सोनोग्राफी झाली, दुपारी ऑपरेशन. आता बरा आहे तो, पण पहिली लॅब चुकली होती का? रिपोर्ट बघून आम्ही घरीच आलो असतो तर?

उत्तर : ताई, लॅब चुकली असं मला अजिबात वाटत नाही. रक्त फार लवकर काढलं गेलं, एवढंच.

सीआरपी हे लिव्हरमध्ये तयार होणारं एक प्रोटीन आहे. शरीरात कुठेही सूज आली की तिथून रक्तावाटे निरोप जातो आणि मग लिव्हर ते बनवायला घेतं, त्यामुळे रक्तात आकडा वाढलेला दिसायला साधारण ६ ते १२ तास जातात आणि तो सगळ्यात वर जातो बहुतेक दोन दिवसांनी. तुमच्या मुलाचं रक्त तिसऱ्या तासाला काढलं, तेव्हा ४ येणारच. पांढऱ्या पेशी त्या मानाने लवकर वाढतात, त्यातल्या न्यूट्रोफिल्स नावाच्या पेशींचं प्रमाणही वर जातं, पण पहिल्या काही तासांत त्याही गप्प असू शकतात. म्हणून मी पेशंटला आधी विचारते की दुखणं नक्की किती वाजता सुरू झालं, ते कळल्याशिवाय रिपोर्टवरच्या आकड्याला अर्थच नाही. हेच दोन्ही आकडे दुखणं सुरू होऊन २४ तास उलटल्यावर नॉर्मल आले असते तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी झाली असती (शून्य तरीही नाही).

उलटंही होतं. सीआरपी वाढला म्हणजे अपेंडिक्सच असं नाही, न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, जुलाब, कशानेही वाढतो, तो सूज आहे एवढंच सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. गरोदरपणात पांढऱ्या पेशी तशाही वाढलेल्या असतात, स्टेरॉइड घेणाऱ्यांच्याही. आणि युनिट बघा हं, काही लॅब मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात, काही डेसिलिटरमध्ये, तुमचा ५८ दुसरीकडे ५.८ म्हणून छापला गेला असता आणि दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून लोक उगाच घाबरतात नाहीतर निर्धास्त होतात.

डॉक्टरांनी नॉर्मल रिपोर्ट असूनही का थांबवलं, तर अपेंडिक्सची शक्यता किती ते मोजायला १९८६ पासून वापरात असलेला अल्व्हाराडो स्कोअर आहे, १० मार्कांचा. त्यात रक्ताला फक्त ३ मार्क, बाकीचे ७ दुखणं सरकलं का, भूक गेली का, उलटी-मळमळ, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं का, हात काढल्यावर कळ येते का, ताप आहे का यांचे. सीआरपी त्यात नाहीच, तो नंतर आलेल्या एआयआर नावाच्या अशाच दुसऱ्या स्कोअरमध्ये धरतात. म्हणजे विचारपूस आणि पोटावर ठेवलेला हात अजूनही रक्ताच्या पुढे आहे, आणि शंका असेल तेव्हा काही तासांनी पुन्हा तपासून पुन्हा रक्त घेणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं, मला मनापासून बरं वाटलं वाचून.

घरी आला असतात तर? तर दुखणं उजवीकडे सरकताना, चालताना-खोकताना कळ येताना, काही खावंसं न वाटताना तुम्हाला दिसलं असतं आणि तेव्हा रात्रीचे दोन वाजले असते तरी परत जायला हवं होतं, जुना रिपोर्ट आणि तो किती वाजताचा आहे ते सांगत. एक मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा, जोरात दुखणारं पोट अचानक शांत झालं आणि मग ताप चढून पूर्ण पोट कडक व्हायला लागलं तर अपेंडिक्स फुटलं असू शकतं, तेव्हा नवा रिपोर्ट येईपर्यंत घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.