विचारा की राव! : धूर, कडबाकुट्टी अन् साठची कॅसेट

प्रश्न : गिटारच्या क्लासला पहिल्याच आठवड्यात 'स्मोक ऑन द वॉटर' शिकवलं. पण पाण्यावर धूर म्हंजे काय ओ? गांजाबिंजाचं गाणं तर नाही ना, घरचे विचारायलेत. (परभणी)

घरच्यांना सांगा निवांत ऱ्हावा. हे गाणं डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं; नाव सुचलं तेव्हा खुद्द बँडवाल्यांनाच ते नशेचं गाणं वाटलं होतं, पण धूर खराखुरा आहे. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं तळ्याकाठचं माँट्रो. तिथल्या कसिनोत अल्बम रेकॉर्ड करायचा म्हणून मंडळी आली, आदल्या दिवशी तिथं फ्रँक झापा या अमेरिकी रॉक संगीतकाराचा कार्यक्रम, त्यात कुण्या येड्यानं छताकडं फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारी बंदूक) उडवली अन् अख्खा कसिनो जळाला. तो धूर तळ्यावर पसरलेला यांनी बघितला, बस्स. मग दुसऱ्या एका थिएटरात बस्तान मांडलं तर रात्री आवाजामुळं शेजारपाजारचे वैतागले, पोलीस दारात, आणि बँडची माणसं आतून दार धरून उभी, टेक, म्हंजे चालू असलेलं रेकॉर्डिंग, संपेपर्यंत उघडायचंच नाही! तुमच्या क्लासमधली ती सुरुवात त्याच टेकमधली. (गणपतीत आपल्याकडं रात्री दहाला काय होतं ते आठवा.) उरलेला अल्बम हिवाळ्यात बंद पडलेल्या एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये झाला, भिंतींना गाद्या लावून. रेकॉर्डिंगचा ट्रक बाहेर, तिथपर्यंत जायचं म्हंजे खोल्या-बाल्कन्या ओलांडत वळसा, म्हणून पुढं पुढं टेक ऐकायला जायचाच कंटाळा केला यांनी. हाच 'मशीन हेड', १९७२चा.

प्रश्न : कडबाकुट्टीत डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं. वय २२. गिटार शिकावं का सोडून द्यावं? (लातूर जिल्हा)

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आता ऐका. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, पुढं ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला झाला तो, तेव्हा वय १७, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून गाणंबजावणं असं ठरलेलं, अन् मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हंजे तारा दाबायचा तोच हात. कारखान्यातल्या मुकादमानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, भाजलेल्या हातानं दोनच बोटांवर गिटार वाजवणारा माणूस. मग यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून गोळी केली, तापलेल्या सळईनं बोटापुरतं भोक पाडलं, घासून घासून टोपी बनवली आणि वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं, नाहीतर तारेवरून बोट सटकायचं. तारा पण बँजोच्या, पातळ. पुढं १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बमात तारा दीड स्वर उतरवल्या, ढिल्या तारा दाबायला सोप्या, आणि त्यातून जो जड, खर्जातला आवाज आला त्यावर आख्खं हेवी मेटल उभं आहे. तर सोडू नका. सुरुवातीला पातळ तारा घ्या, जखम पूर्ण भरल्याशिवाय हात लावू नका, आणि पहिले दोन महिने अनामिकेला सुट्टी, तीन बोटांवर पुष्कळ होतं.

प्रश्न : डीप पर्पलचा अल्बम 'मेड इन जपान' खरंच लाइव्ह आहे, का नंतर स्टुडिओत ठाकठीक केलंय? (बीड)

लाइव्हच. १९७२चे तीन कार्यक्रम, १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका, १७ला टोकियोचं बुडोकान सभागृह. नंतर वरून काही वाजवलेलं नाही, असं बँडच सांगते. बँडला तर तो जपानबाहेर काढायचाच नव्हता, काय म्हणावं!

माझी मात्र यात फसगत झालेली. कॉलेजात असताना औरंगाबादला एका दुकानदाराकडून हा अल्बम साठच्या, म्हंजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये भरून घेतला, अल्बम सव्वा तासाचा. शेवटचं 'स्पेस ट्रकिन' चारेक मिनिटांत खट्ट करून थांबायचं आणि मला वाटायचं काय जबरदस्त शेवट केलाय राव, मित्रांना पण तसंच रुबाबात ऐकवायचो. आठ वर्षांनी सीडी मिळाली तेव्हा कळलं, गाणं २० मिनिटांचं आहे.