चित्र उजळवण्याआधी

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेली ‘द लास्ट सपर’ची, म्हणजे लिओनार्दो दा विंचीच्या येशूच्या शेवटच्या भोजनाच्या भित्तिचित्राची, डिजिटल प्रत पाहिली. रंग अगदी उठून दिसतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. मिलानमधल्या त्या भिंतीवर ते असे दिसत नाहीत. लिओनार्दोने ओल्या गिलाव्याऐवजी कोरड्या भिंतीवर काम केलं, त्यामुळे त्याच्या हयातीतच चित्र खराब होऊ लागलं. १९७८ ते १९९९ एवढा काळ जतनाचं काम चाललं, तरी गेलं ते गेलंच. तू सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवलंस, पुसट जागा सॉफ्टवेअरने भरल्यास आणि खाली नाव लिओनार्दोचं!

खालची कडाही छाटलीस. १६५२ मध्ये भिंतीत दार पाडलं, त्यात येशूचे पाय गेले. ते दार डोळ्यांना खुपतं, कबूल. पण आता तेही चित्राच्या इतिहासात जमा आहे. पाय दाखवायचेच असतील तर चित्रकार जियामपेत्रिनोने १५२०च्या सुमारास केलेली नक्कल शेजारी ठेव, आणि ती नक्कल आहे हे स्पष्ट लिही.

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या वेदीचित्रातल्या (चर्चच्या वेदीवरच्या चित्रातल्या) कोकराची गोष्ट याहून मजेशीर. यान व्हान आइकने १४३२ मध्ये पुरं केलेल्या या चित्रात सोळाव्या शतकात कुणीतरी कोकराचं तोंड नव्याने रंगवलं, आणि पुढे शतकानुशतकं लोकांनी तेच खरं मानलं. अलीकडे वरचा थर काढल्यावर थेट आपल्याकडे रोखलेले, जवळपास माणसासारखे डोळे समोर आले. लगेच इंटरनेटवर थट्टा सुरू झाली, ‘चित्राची वाट लावली’ म्हणून. मूळ तोंडच तसं होतं! तेव्हा फोटो सफाईच्या आधीचा की नंतरचा, हे चित्राखालच्या ओळीत आलंच पाहिजे.

फाइल शक्यतो संग्रहालयाकडूनच घे. शेजारी रंगपट्टी (रंग ताडून पाहण्यासाठीची पट्टी) ठेवून काढलेला फोटो मिळाला तर उत्तमच. डावं-उजवं तपास. काराव्हाज्जोच्या ‘सेंट मॅथ्यूला पाचारण’मध्ये प्रकाश उजवीकडून, येशूच्या बाजूने येतो, आणि रोममधल्या त्या चॅपलची खिडकीही त्याच अंगाला आहे. फोटो उलटा झाला की सगळी योजनाच कोलमडते.

हक्कांचं, म्हणजे कॉपीराइटचं, थोडक्यात. लिओनार्दोचं चित्र मोकळं आहे, पण चित्रकार साल्वादोर दालीने १९५१ मध्ये रंगवलेला क्रूसावरचा ख्रिस्त नाही. दाली १९८९ मध्ये गेला, आणि युरोपात चित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतो. जुन्या चित्राच्या हुबेहूब फोटोवर, म्हणजे ज्यात छायाचित्रकाराची स्वतःची निर्मिती नाही अशा फोटोवर, २०१९च्या युरोपीय निर्देशानुसार वेगळा हक्क लागत नाही. इतरत्र नियम निराळे, म्हणून देश पाहूनच वापर. छायाचित्रकाराचं आणि संग्रहालयाचं नाव मात्र कायदा मागो न मागो, दे.

आणि हो, तुझी चकचकीत प्रत पुसू नकोस. ‘कल्पित रंग’ असं नाव देऊन वेगळी ठेव. मूळ फाइल न छाटता, न उजळता, खाली माहितीच्या चार ओळींसह पुन्हा पाठव.